आक्का, गप्प बसायला कुणी सांगितलं होतं?

आक्का, लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी तुला 'तुमी' म्हणत आले. थोरली नणंद, नवऱ्याची मोठी बहीण. तोंडातून दुसरं काही निघालंच नसतं. आज मात्र 'तू' म्हणते. राग आला तर ऊठ आणि बोल मला. चार बायांसमोर बोल. जन्मात एकदा जरी तुझ्या तोंडून रागाचा शब्द निघाला असता, तरी आज मला हे लिहीत बसावं लागलं नसतं.

तू गेलीस त्या दिवसापासून ओट्यावर माणसं येऊन बसतायत. बसतात, खाली बघतात, चहा पितात आणि उठताना म्हणतात, "सुटली बिचारी." कशातून सुटली? कुणी बांधून ठेवलं होतं? दुसरं वाक्यही ठरलेलं, "कदी कुनाला तरास दिला न्हाई." हे ऐकलं की हातातला चहाचा ट्रे समोरच्याच्या डोक्यात घालावासा वाटतो. त्रास दिला नाही म्हणूनच गेली ती. द्यायला पाहिजे होता. रोज उठून द्यायला पाहिजे होता.

तुझ्या नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली, तेव्हाही तू असंच केलंस. एका दुपारी ट्रंक घेऊन तलवाड्याच्या फाट्यावर एसटीतून उतरलीस. सासूबाईंनी, म्हणजे तुझ्या आईनं, विचारलं, "कावून आलीस?" तू म्हणालीस, "आले." तेवढंच. त्या एका शब्दावर तू माहेरी उरलेलं आयुष्य काढलंस. त्यानं काय केलं, तू काय सोसलंस, ते मला बाहेरून कळलं, विहिरीवरच्या बायांकडून. एका घरात राहून, एका ताटलीत भाकरी कुस्करून खाऊन, मला तुझी गोष्ट बाहेरच्यांकडून कळावी?

मधे तू बीडला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये नोकरी केलीस. खोल्या उघडायच्या, फी घ्यायची, झाडून काढायचं. मशीन बिघडलं की दुरुस्तीवाला यायचा, ते तू शेजारी उभी राहून बघायचीस. फक्त बघितलेलं. स्वतः हात कधी लावलेला नव्हता. पुढं हा फरक आपल्याला महागात पडला. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तसं तुला गावी परत यावं लागलं, आणि मग तू आपल्या महिला दूध संस्थेत येऊन बसायला लागलीस.

ज्या साली दुष्काळात चारा छावण्या पडल्या, त्या साली सगळं घडलं. विहिरीत टँकरचं पाणी ओतलं की बाया चहूबाजूंनी घागरी सोडायच्या आणि वर अर्धा गाळ यायचा. आपली जनावरं छावणीत, चाऱ्याची पेंढी तोलून मिळायची, आणि दूध असं आटलेलं की कॅन हलवला तर आत डचमळायचं. देवळामागच्या पत्र्याच्या खोलीत संस्था. एक वजनकाटा, एक फॅट तपासायचं मशीन आणि एक जुना प्रिंटर, जो तालुक्याच्या दूध संघानं मोडीत काढला होता आणि कौसाबाईनं भांडून टेम्पोत घालून आणला होता. कौसाबाई आपली अध्यक्ष. अंगठा उठवायची, पण तिच्याशी भांडायला गाव घाबरायचं.

त्यात संघाचा निरोप आला. पाडव्यापासून वजन कॉम्प्युटरवर लिहिलं पाहिजे, फॅट मशीनमधून थेट उतरलं पाहिजे, बिल छापून निघालं पाहिजे. ज्यांच्याकडं सोय नाही त्यांचं दूध गावातल्या दुसऱ्या संस्थेत जाईल. दुसरी संस्था म्हणजे गावपुढारी आबासाहेबांची. तिथं खातं घरातल्या पुरुषाच्या नावावर. म्हणजे छावणीत जनावरांशेजारी झोपून दूध काढायचं बायांनी आणि बिलाला हात पसरायचा पुरुषांनी. आपल्याकडं निदान तो पैसा बाईच्या मुठीत पडायचा. त्याच्यावर कुणाच्या पोरीची शाळा चालू होती, कुणाच्या म्हाताऱ्या आईचं औषध.

आबासाहेब स्वतः खोलीवर आले. उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "बायांनो, कावून डोक्याला ताप करून घेता? आमच्याकडं तयार मशीन हाय. इकडं या. घरचंच हाय की समदं."

सगळ्या खाली बघत बसल्या. तूही. ते गेल्यावर, त्यांच्या गाडीची धूळ बसल्यावर, तू हळूच म्हणालीस, "आपुन बांधू."

"काय बांधू?"

"कॉम्प्युटर. सुटे भाग आणायचे आन् बांधायचा. तयार घ्यायला संस्थेकडं पैसे न्हाईत. असा बांधला तर जमंल."

कौसाबाईनं तुझ्याकडं नुसतं बघितलं. "बांधायचा म्हंजी? घर हाय का गोठा हाय ते?"

सगळ्या हसल्या. तूही पदर तोंडाला लावून हसलीस. पण दुसऱ्या दिवशी आपण दोघी बीडच्या एसटीत होतो.

पहिली चूक तुझी, आक्का. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं म्हणतात, मी नाही बोलणार. स्टँडबाहेर जुन्या मोबाईलच्या टपरीवर एक प्रोसेसर दिसला. टपरीवाला म्हणाला, एकदम चालू, कालच मशीनमधून काढलाय. तुला वाटलं हाच कॉम्प्युटरचा मेंदू, तो स्वस्तात मिळतोय तर घेऊन टाकावा. मग आतल्या गल्लीतल्या मोमीनभाईंच्या दुकानातून एक चकचकीत नवा मदरबोर्ड घेतला. तो बाकीचे सगळे भाग ज्याच्यावर बसतात तो पाट. प्रोसेसर कुठल्या जातीचा आहे हे तू मोमीनभाईंना सांगितलं नाहीस आणि त्यांनी विचारलं नाही. तुझा हिशोब सरळ होता, कुठल्याही चुलीवर कुठलंही पातेलं बसतं.

घरी येऊन खोके उघडले. बोर्डावरच्या चौकोनी खाचेत केसांएवढ्या बारीक पिना उभ्या होत्या. आणि प्रोसेसर उलटा केला तर त्याच्याही पोटाला पिनाच पिना. पिनेवर पिन. तू त्याला इकडून फिरवलंस, तिकडून फिरवलंस. मी म्हणाले, "आक्का, हे तर नणंद-भावजय हायेत. ह्याच्यालाबी काटे, त्याच्यालाबी काटे. बसायचं कसं?"

तू हसली नाहीस. पैसे बायांचे होते.

परत बीड. टपरीवाला ओळखही दाखवेना. "विकलेला माल परत न्हाई घेत, ताई." मी आवाज चढवला. त्याला म्हणाले, "तू सांगायला पाहिजे होतंस कुठल्या बोर्डाला लागतो ते, आमी काय शिकून आलाव का?" चार माणसं जमली. मी आणखी थोडं ओरडले असते तर त्यानं पैसे दिले असते, माझी आजही खात्री आहे. तर तू माझा पदर ओढलास. "चल शोभे. लोक बघायलेत."

बघू दे की! लोक बघायलेत हीच तर आपल्या बाजूची गोष्ट होती. पण तू चालायला लागली होतीस आणि मला मागं यावं लागलं. तिथून मोमीनभाईंच्या दुकानापर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही.

मोमीनभाई पिकल्या दाढीचे, तोंडात सुपारी. आपली हकीकत ऐकून म्हणाले, "अरे बेटा, उलटं चाललाव तुमी. मेंदू आधी घेतला, डोकं मागनं. मशीनला जोडायचं काय काय हाय, ते आधी सांगा."

तू पिशवीतून फॅट मशीनची वायर काढून काउंटरवर ठेवलीस. घरून निघतानाच ती सोडवून आणली होतीस. मलाही सांगितलं नव्हतंस. त्यांनी तिचं टोक निरखलं. "ही जुन्या पद्धतीची पिन. आन् प्रिंटर?"

"टर्र टर्र वाजतो तो," मी म्हणाले. "लांब कागद, कडेला भोकं असलेला."

"म्हंजी त्याचीबी रुंद वायर. मी दिलेल्या बोर्डाला या दोनीतली एकबी खाच न्हाई. प्रोसेसर बसला असता तरी तुमचं काम झालं नसतं."

ऐकून आपण दोघी गार. खोकं फाटलं नव्हतं म्हणून त्यांनी बोर्ड परत घेतला, थोडं तोंड वाकडं करून का होईना. मग आतून दुसरा आणला. जुन्या मॉडेलचा, मळकट हिरवा, दिसायला काहीच नाही. पण मागच्या बाजूला दोन्ही खाचा होत्या. त्यांनी वायर लावून दाखवली, घट्ट बसली. म्हणाले, आता बोर्ड ठरला ना, की बाकीचं तो स्वतः सांगतो. कुठला प्रोसेसर पाहिजे, कुठली रॅम पाहिजे. रॅमच्या पट्टीला मधे एक कापलेली खूण असते, ती बोर्डाच्या खुणेवर आली तर आपली, नाहीतर दुसऱ्याची. त्यांनी दोन पट्ट्या हातात दिल्या. तू डोळे बारीक करून बघितलंस आणि बरोबर पट्टी पुढं केलीस. मला तुझा अभिमान वाटला. पण मी रुसलेली होते, म्हणून बोलले नाही.

त्या दुकानातच आपलं खरं भांडण झालं, आठवतं? प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क घेऊन झालं आणि उरलेल्या पैशात एकच काहीतरी चांगलं येत होतं. मला नवा चपटा स्क्रीन पाहिजे होता. आबासाहेबांच्या संस्थेत तसाच होता. तू म्हणालीस, स्क्रीन जुना, पोटाचा, डबड्यासारखा घेऊ, आणि पैसे वीज देणाऱ्या डब्यावर आणि यूपीएसवर घालू.

"आक्का, लोक स्क्रीन बगतेत. डबा कोन बगतंय?"

"गावात लाईट कशी येती? कवा बल्ब उडतो, कवा त्याचा काजवा होतो. डबा जळाला तर तुझ्या चपट्या स्क्रीनवर काय दिसंल? तुझंच त्वांड."

मोमीनभाई गालात हसले. तू जिंकलीस. एकोणीस-वीस फरकानं नाही, सरळ जिंकलीस. त्या उन्हाळ्यात गावातले किती पंखे आणि टीव्ही जळाले, आबासाहेबांचं तयार मशीनही दोनदा बंद पडलं, आपलं एकदाही नाही. मी हे तुला कधी म्हटलं नाही. म्हणायचं राहिलं असं नाही, मुद्दाम म्हटलं नव्हतं. दुकानातून माझी मान खाली घालून आणलीस ना, म्हणून. म्हातारपणी कधीतरी तुला चिडवताना सांगू असं ठरवलं होतं. म्हातारपण तरी ठेवायचं होतंस!

निघताना मोमीनभाईंनी बजावलं होतं, नायलॉनची साडी नेसून बोर्डाला हात लावायचा नाही, अंगातली वीज त्याला मारते. म्हणून बांधायच्या दिवशी तू सासूबाईंचं सुती लुगडं नेसून आलीस. सकाळचं दूध गेलं होतं. खोलीत बाया दाटीवाटीनं बसलेल्या, पत्रा तापायला लागलेला, आणि तू जमिनीवर गोणपाट, त्याच्यावर पुठ्ठा, त्याच्यावर बोर्ड मांडून बसलेली. प्रोसेसर अलगद ठेवलास, दाबला नाहीस, तो आपोआप बसला. तू माझ्याकडं बघितलंस. काट्यावर काटा नव्हता या वेळी. पंखा लावला, स्क्रू आवळले, वायरी जोडल्या. कुठली लाल कुठं आणि कुठली पांढरी कुठं याच्यावर आपण परत भांडलो, तेव्हा कौसाबाई ओरडली, "घरचं भांडान घरी करा गं!"

बटण दाबलं. पंखा फिरला आणि आतून लांब, कर्कश शिटी वाजायला लागली. परत परत. स्क्रीन काळा.

"कुकर हाय का काय ह्यो?" कौसाबाई म्हणाली. पण कुणी हसलं नाही. पाडवा तोंडावर आला होता. तू बटण बंद केलंस. रॅमची पट्टी काढलीस, पदरानं पुसलीस, परत लावलीस. परत शिटी.

मी वाकून बघितलं. पट्टीच्या एका बाजूची खिट्टी मिटली होती, दुसरी उघडी होती.

"आक्का, ही बसली न्हाई. दाबा."

"तुटंल."

"न्हाई तुटत. दाबा म्हन्ते ना!"

"शोभे, तुटली तर बायांचे पैसे..."

"तुटू द्या! दाबा!"

तू अंगठा ठेवलास, तुझ्या अंगठ्यावर मी माझा ठेवला आणि दोघींनी मिळून दाबलं. टक् झालं. बटण लावलं. एकच बारीकशी शिटी आणि त्या जुन्या पोटाच्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं धावायला लागली. आणि आक्का, तू हसलीस. पदर तोंडाला न लावता, मान मागं टाकून, मोठ्यानं. ते हसू मी आधी कधी ऐकलं नव्हतं. पुढंही फार वेळा नाही ऐकलं. संघाचा माणूस येऊन प्रोग्राम घालून गेला, फॅटचा आकडा वायरीतून स्क्रीनवर आला आणि टर्र टर्र करत पहिलं बिल निघालं कौसाबाईच्या नावाचं. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती किती तरी वेळ तो कागद धरून उभी होती.

इथपर्यंत सगळं गोड आहे. इथंच थांबले असते तर चारचौघांत वाचता आलं असतं.

पण मग उद्घाटन झालं. रिबीन कापायला कोण, तर आबासाहेब. ज्या माणसाला ही खोली बंद करायची होती तो माणूस नारळ फोडून म्हणाला, "आमच्या मार्गदर्शनाखाली आमच्या भगिनींनी संगणक घेतला." घेतला! आणि तू कुठं होतीस? मागं, स्टोव्हजवळ, पाहुण्यांचा चहा गाळत. मी उठले होते. बोलणारच होते. तू गाळणं हातात धरून माझ्याकडं असं बघितलंस की मी खाली बसले.

घरी येताना मी विचारलं, "तुमी बोलल्या कावून न्हाई?"

"मशीन चालतंय ना?"

"चालतंय. म्हनून काय कुनीबी येऊन..."

"बिल कौसाच्या नावानं निघतंय. त्याच्यावर आबाचं नाव छापलंय का?"

"न्हाई."

"मग झालं तर."

मला उत्तर सुचलं नव्हतं. ते भांडण तिथंच अर्धं राहिलं, आणि नंतर मी किती वेळा उकरायला गेले तरी तू 'जाऊ दे' म्हणून झाकून टाकलंस. आज उत्तर आहे माझ्याकडं. ऐक. तुझ्या कामाचं नाव दुसऱ्यानं घेतलं तरी तू गप्प. टपरीवाल्यानं फसवलं तरी गप्प. नवऱ्यानं घराबाहेर काढलं तरी गप्प. एवढ्या वेळा गप्प बसलेल्या बाईला मग सवयच लागते. अंगात आग लागली तरी ती 'आग' म्हणत नाही.

मागच्या दिवाळीपासून तू दुधाचा कॅन उचलायचं सोडलंस. "खांदा धरलाय," म्हणालीस. मी तेल गरम करून आणलं, चोळू म्हटलं, तर अंग चोरलंस. ढगळ झंपर शिवून घेतलेस. म्हणालीस, उन्हाचं बरं पडतं. मी विश्वास ठेवला. कुणीही ठेवला असता, तू खोटं बोलणारी बाई नव्हतीस. मग तुला ताप भरला आणि एका दुपारी मी तुझं अंग पुसायला बसले. तू नको नको म्हणत होतीस. मी ऐकलं नाही.

आक्का, मी जे बघितलं ते इथं लिहिणार नाही. डाव्या बाजूला गाठ फुटून जखम झाली होती. तू तिच्यावर जुन्या धोतराच्या घड्या बांधत होतीस, रोज, मोरीत, दार लावून. मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. विचारलं, "कवापासून हाय हे?"

"लई दिस झाले."

"लई म्हंजी किती?"

"मागल्या साली माणसं तोडीला गेलती ना... तवापासून."

माणसं ऊस तोडून परत आली होती आणि दुसऱ्यांदा गेलीही होती. एवढे दिवस. मी ओरडले. आजारी माणसावर ओरडू नये, मी ओरडले. मला सांगायला काय झालंतं? तोंड न्हाई का तुमाला? तू भिंतीकडं बघत म्हणालीस, "भावाच्या घरात बाईनं आजारी पडू नई, शोभे. राह्यला दिलं तेच लई."

कुणी शिकवलं हे तुला? सांग. तुझ्या आईनं? या गावानं? मी? मी कधी तुझ्या ताटातली भाकरी मोजली? हे घर तुझंही होतं. तुझ्या भावानं ते तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही, हे खरं. त्याला वाटत राहिलं की म्हणायची गरज काय. हे ऐकलं तेव्हा तो दारातच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मला त्याचाही राग आला. बहिणीभावांनी मिळून आयुष्यभर एकमेकांना काही सांगायचं नाही आणि मग दारात बसून रडायचं!

बीडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं, "एवढ्या उशिरा का आणलं?" काय सांगणार? तिनं सांगितलं नाही, हे मलाच खोटं वाटत होतं. तू पलंगावरून मलाच समजावत होतीस, "त्यांच्यासंगं भांडू नको गं." शेवटचे दिवस तू घरीच काढलेस. तुझं दुखणं इतकं होतं की तू उशीचा कोपरा चावून धरायचीस. मी म्हणायचे, आक्का, ओरडा. ओरडा ना. शेजारच्यांना ऐकू गेलं तर जाऊ द्या. नाही ओरडलीस. एकदा फक्त माझा हात धरून म्हणालीस, "तू हायस म्हनून बरं गेलं समदं." त्या वाक्याचं मी काय करू? ते घेऊन कुठं जाऊ? तुझ्यावर नीट चिडूही देत नाही ते.

तुझ्या दहाव्याला देवळासमोर शोकसभा ठेवली. मोठा फलक लागला. वर आबासाहेबांचा हात जोडलेला फोटो, त्यांच्या पोरांचे फोटो, आणि खाली कोपऱ्यात तुझा, रेशनकार्डावरून काढलेला. आबासाहेब बोलले, "आम्ही संस्थेला संगणक दिला, तो या माउलीनं शेवटपर्यंत सांभाळला."

या वेळी गाळणं धरून बघायला तू नव्हतीस. मी उठले.

"आबा, तुमी काय बी दिलं न्हाई. ह्यो कॉम्प्युटर आक्कानं बांधला. एक एक भाग बीडहून आणून बांधला. तुमी नारळ फोडला."

आबासाहेब मवाळ आवाजात म्हणाले, "वैनी दुःखात हायेत. आपुन समजून घेऊ."

"मला समजून घिऊ नका. आन् आक्का कशानं गेली तेबी ऐका. तापानं गेली म्हनून सांगायलेत समदे. तापानं न्हाई. छातीत गाठ होती. लाजून, भिऊन, कुनाला दावली न्हाई. तिचं हे आसं झालं कारन आपल्यात बाईनं सोसलं की तिला माउली म्हंतेत."

पुरुष माना खाली घालून बसले. एक जण उठून गेलाही. तुझा भाऊ मात्र उठला, फलकाजवळ गेला आणि त्याच्या दोऱ्या सोडायला लागला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तो माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसला.

दुसऱ्या दिवशी दूध घालून झाल्यावर एक बाई खोलीतून निघेना. मग दुसरी थांबली. दार पुढं केलं तसं एक एक जण हळू आवाजात बोलायला लागली. कुणाच्या अंगावरून जात होतं, कुणाची ओटी दुखत होती, सगळं कितीतरी दिवसांपासून. मी म्हटलं, हळू कावून बोलायलाव? इथं कोन पुरुष हाय? मग परवा संघाचा टेम्पो रिकामा परत जाताना त्याला थांबवला आणि सगळ्या कॅनच्या जागेवर बसून बीडच्या सरकारी दवाखान्यात गेलो. कौसाबाई यायला तयार नव्हती. "मला काय धाड भरली?" म्हणाली. मी तिला दंडाला धरून चढवलं.

गाठ तिलाच निघाली, आक्का.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी तपासलं, परत तपासलं, फोटो काढायला पाठवलं. कागद बघून म्हणाल्या, "लहान आहे. ऑपरेशन करू, बऱ्या व्हाल. मावशी, वेळेवर आलात."

वेळेवर. मला त्या शब्दाचा असा संताप आला की मी व्हरांड्यात जाऊन भिंतीवर हात आपटला. तुला शिव्या दिल्या, मनात नाही, तोंडानं. शेजारी बसलेली म्हातारी माझ्याकडं बघत राहिली. आत आले तर कौसाबाई, गावाला घाबरवणारी कौसाबाई, तोंडात पदर कोंबून हुंदके दाबत होती. "शोभे, भ्या वाटायलंय गं मला."

मी तिच्या तोंडातून पदर ओढून काढला.

"वाटू दे. रड. मोठ्यानं रड कौसाबाई, समद्या दवाखान्याला ऐकू जाऊ दे."